पाणी पायरीला लागायच्या आधी



आज मी पुराबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, अंगणात अजून पापड-कुरडया वाळतायत, विहिरी तळाला गेल्यात, आणि हिला पूर कुठून आठवला? पण पुराबद्दल बोलायची वेळ हीच आहे. पाणी दारात आलं की रेडिओ कोण ऐकतं? तेव्हा लाइट गेलेली असते, मोबाइल बंद पडलेला असतो, एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात म्हशीचं दावं असतं. त्या वेळी जे करायचं ते आज, हात मोकळे असताना ठरवायला हवं.

दुसरंही कारण आहे. पावसाळा मृगाला सुरू होतो, पूर आला तर आषाढ-श्रावणात येतो, असा आपला हिशेब असतो. मे महिन्यातला पाऊस म्हणजे वळीव. दुपारी ढग भरतात, वारं सुटतं, आंबे पडतात, तासभर कोसळतो आणि निघून जातो. पण २०२५ चा मे आठवा. वळवानं मुक्कामच ठोकला. त्याच्या पाठोपाठ २४ मेला मान्सून केरळात आला आणि २६ मेला मुंबईत पोचला. पंच्याहत्तर वर्षांत मुंबईत तो इतक्या लवकर आला नव्हता. रोहिणी लागतायत तोवर ओढे वाहायला लागले. कडबा रचायचा राहिला, शेणी भिजल्या, रानात औत घालता येईना. नदीकाठच्या बाईनं यातून एवढंच घ्यायचं, की मृगापर्यंत वेळ आहे असं आता म्हणता येत नाही.

मी कराड तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. नदीकाठच्या गटांत बसून हप्ते, व्याज, इतिवृत्त बघणं हे माझं रोजचं काम. पण २०१९ आणि २०२१ नंतर आमच्या बैठकीत पुराचा विषय निघाल्याशिवाय एकही पावसाळा गेला नाही. त्या बैठकांतून जे शिकले, तेच आज सांगते.

आधी आपलं गाव कुठं बसलंय ते पाहू. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. कृष्णा वाईवरून खाली येते. कोयना डोंगरामागून सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकला वळण घेते, पाटणवरून येते आणि कराडात कृष्णेला भेटते. आपण त्याला प्रीतिसंगम म्हणतो, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी संध्याकाळी फिरायला जातो. पण या संगमाची तऱ्हा वेगळी आहे. इथं दोन नद्या तिरक्या येऊन मिळत नाहीत, समोरासमोर येतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळून पुढं जातात. दोघींना एकाच वेळी पूर आला, तर एकीचं पाणी दुसरीला थोपवून धरतं. अशा वेळी पाणी पुढं सरकायच्या ऐवजी मागं फुगतं, ओढ्यांमधून उलटं आत येतं. तांबव्यासारख्या कोयनाकाठच्या गावाला वेढा पडतो तो असा. पुढं सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते, तिथंही तेच होतं. म्हणून आपल्या गावात पाऊस उघडला, ऊन पडलं, तरी निर्धास्त राहायचं नाही. आपल्या दारात येणारं पाणी आपल्या ढगातलं नसतं, ते महाबळेश्वर, नवजा आणि कोयनानगरच्या ढगांतलं असतं.

त्या डोंगरात किती पाऊस पडतो? २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. मिलिमीटर म्हटलं की आपल्याला काही उमगत नाही, म्हणून गुंठ्यात सांगते. एक गुंठा जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर शंभर लिटर पाणी होतं. म्हणजे त्या एका दिवसात तिथल्या प्रत्येक गुंठ्यावर जवळजवळ साठ हजार लिटर पाणी पडलं. बारा हजार लिटरचे पाच टँकर, एकेका गुंठ्यावर! डोंगरानं ते पोटात ठेवायचं तरी किती? त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, झोपेतली माणसं गेली. काठावरच्या गावाला पाणी चढताना दिसतं तरी, डोंगराखालच्या वाडीला तेवढीही सवड मिळत नाही. भिंतीला नवी भेग, वाकलेली झाडं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं किंवा आटणं, यातलं काही दिसलं तर उजाडायची वाट पाहू नका.

आता आकड्यांकडं येऊ. पावसाळ्यात रोज बातमी लागते, कोयनेतून इतके क्युसेक विसर्ग. घरातली पुरुषमाणसं माना डोलावतात, आपण भाकरी थापत ऐकतो. हा क्युसेक काही अवघड नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर. आपल्या हिशेबानं दोन मोठ्या घागरी. धरणाच्या पायथ्याच्या वीजघरातून २,१०० क्युसेक पाणी सोडलंय अशी बातमी असेल, तर एवढ्यानं घाबरायचं कारण नाही. तेच वक्री दरवाजे उचलून विसर्ग दहा हजार, वीस हजार, पन्नास हजारांवर गेला, तर दर बातमीला कान द्यायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा लाखाच्या वर गेला होता. सेकंदाला दोन लाख घागरी!

दुसरा शब्द टीएमसी. तो साठ्याचा. कोयनेचं धरण १०५.२५ टीएमसीचं आहे. ११,५७४ क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. त्या हिशेबानं लाख क्युसेक दिवसभर सोडलं, तर साडेआठ टीएमसीच्या वर, म्हणजे धरणाचा बारावा हिस्सा एका दिवसात आपल्या काठावरून जातो. जूनमध्ये धरण निम्मं रिकामं असेल तर ते पाणी पोटात घेतं. ऑगस्टमध्ये ते भरलेलं असेल, तर आलेलं पाणी सोडावंच लागतं. म्हणून नुसता पाऊस ऐकू नका. धरणात साठा किती, आवक किती आणि विसर्ग किती, हे तिन्ही ऐका. आवक विसर्गापेक्षा फार जास्त असेल, तर उद्या विसर्ग वाढणार, एवढं आपलं आपल्याला कळतं. दुधाचं पातेलं काठोकाठ आल्यावर गॅस बारीक करायला आपल्याला कुणी शिकवलंय का?

तिसरी गोष्ट, पुलांची पातळी. पूर आला की पाटबंधारे खात्याकडून पुलांची नावं घेऊन पाणीपातळी जाहीर होते. कराडचा कृष्णा पूल, मग बहे, ताकारी, भिलवडी, आणि सांगलीचा आयर्विन. ही यादी वरून खाली येते, तसं पाणीही वरून खाली येतं. तुमचं गाव भिलवडीच्या बाजूला असेल, तर कराडच्या पुलावरचा आकडा ही तुमची पुढची बातमी आहे. तो वाढत असेल, तर काही तासांत तुमच्याकडं वाढणार. सांगलीला आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ ला तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याच्या खुणेवर बारा फूट, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक माणूस.

आमच्या गटांत आम्ही एक करतो. जून ते सप्टेंबर दर गटातल्या एकीकडं आठवड्याची पाळी असते. ती सकाळ-संध्याकाळ साठा, विसर्ग आणि वरच्या पुलाची पातळी असे तीन आकडे वहीत लिहिते आणि गटाच्या ग्रुपवर टाकते. आकडा पाटबंधारे खात्याचा, नाहीतर जिल्हा प्रशासनाचाच घ्यायचा. 'धरण फुटलं', 'सगळे दरवाजे उघडले' असले निरोप कुणी पुढं ढकलले, तर तिला दहा रुपये दंड. दंडाच्या पैशातून चहा होतो, पण अफवा बंद झाल्या. ज्यांना लिहिता येत नाही त्या आकडा ऐकून सांगतात, दुसरी लिहिते. दोन पावसाळ्यांत बायका अशा तयार झाल्या, की आता घरातले पुरुषच विचारतात, आज विसर्ग किती गं?

आता मुख्य गोष्टीवर येते. आकडे कळले म्हणजे माणूस घर सोडतो असं नाही. २०१९ ला गावोगावी काय झालं? म्हाताऱ्या माणसांनी २००५ ची खूण दाखवली. तेव्हा पाणी तिसऱ्या पायरीला लागून परत गेलं होतं, याच्या वर कधी येत नाही, म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. पण पुरानं जुनी खूण मानली नाही. पायरी गेली, उंबरा गेला, देवळी गेली. बरीच घरं रात्री, अंधारात सोडावी लागली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. गावातल्या बायका आणि लेकरं गेली. ती आठवण काढली की आजही आवाज बसतो. पण ती काढायला हवी, कारण शेवटच्या बोटीची वेळच येऊ नये, यासाठी तर हे सगळं बोलणं आहे.

घरात सगळ्यांत शेवटी कोण निघतं? बाई. पोरं पुढं पाठवते, आत्यांना खांद्याला धरून नेते आणि परत फिरते. गव्हाणीला म्हैस असते, कणगीत शाळू असतो, माळ्यावर लेकीच्या लग्नाची भांडी असतात. आणि 'आता निघू या' हे म्हणायचा अधिकार तिच्याकडं नसतो. मामंजी म्हणणार, काही होत नाही. नवरा म्हणणार, सकाळी बघू. सुनेनं जास्त बोललं तर 'घाबरट आहे' असं होतं. पाणी वाढतंय हे तिला कळतं, कारण मोरीतून उलटं पाणी येताना पहिल्यांदा तीच बघते. पण तिचं कळणं घरात चालत नाही.

यावर आम्हाला एक वाट सापडली, ती गटाचीच आहे. ती म्हणजे ठराव. एकटी सून 'निघू या' म्हणाली तर ते तिचं मत ठरतं. दहा-बारा घरांच्या बायकांनी बैठकीत बसून इतिवृत्तात लिहिलं, सह्या-अंगठे केले, ग्रामसंघानं ते मंजूर केलं आणि ग्रामसभेत वाचून दाखवलं, की तो गावाचा कागद होतो. मग सुनेला वाद घालावा लागत नाही. ती म्हणते, मामंजी, ठराव आहे, आज निघायचंय. मामंजींचाही मान राहतो, कारण सुनेचं ऐकलं असं होत नाही, गावाचं ऐकलं असं होतं. हसू नका, आपल्याकडं असंच चालतं, आणि चालतंय तर त्याचा उपयोग करून घ्यावा.

ठरावात काय लिहायचं? मोजक्या गोष्टी. पहिली, निघायची खूण. गावातली सगळ्यांना दिसणारी जागा घ्या. ओढ्यावरचा पूल, पारावरचा दगड, शाळेची पायरी. तिथं पाणी लागलं की लहान मुलं, गरोदर आणि बाळंतीण बाया, म्हातारी आणि आजारी माणसं यांनी हलायचं. त्याच्या वरची दुसरी खूण सगळ्यांनी हलायची. खूण अशी धरा की तिच्यानंतरही वाटेवर पाणी नसेल आणि दिवसाउजेडी निघता येईल. दुसरी, जायचं कुठं आणि वाट कोणती. मूळगावच्या पुलासारखे सखल पूल लवकर पाण्याखाली जातात, म्हणून त्या वाटेवर भरवसा ठेवायचा नाही. तिसरी, जनावरं आधी कुणाच्या माळावर न्यायची, आणि वैरण कुणी पोचवायची. म्हैस सुरक्षित असली की बाईचा पाय घरातून निघतो, हे मी दहा ठिकाणी पाहिलंय. आणि नेता आलीच नाहीत, तर निदान दावी सोडायची. मोकळं जनावर पोहून कुठंतरी लागतं. बांधलेलं जागेवर जातं. चौथी, एकटी राहणारी बाई, दिव्यांग, अंथरुणाला खिळलेलं माणूस यांना कोण उचलणार, हे नावानिशी लिहायचं. 'गावकरी मदत करतील' असं लिहू नका. 'गावकरी' नावाचा माणूस पुरात सापडत नाही.

हा एका बैठकीचा विषय आहे. येत्या बैठकीत हप्ते झाले की घ्या.

आता कागदांचं. पूर ओसरला की पंचनामे सुरू होतात. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात. घर कुणाचं, रान कुणाचं, रेशन कार्ड कुणाच्या नावावर, बँक खातं कुणाचं, यावर मदत ठरते. २०१९ ला तातडीची मदत खेड्यात दहा हजार आणि शहरात पंधरा हजार होती. त्यातले पाच हजार रोख आणि बाकीचे खात्यावर. खातं कुणाचं? बहुतेक घरांत त्याचं. गाळ कुणी काढला, भिजलेले दाणे कुणी वाळवले, आठ दिवस चूल नसताना लेकरांच्या पोटाचं कुणी बघितलं? ते पंचनाम्यात नसतं. सोडून दिलेली बाई भावाच्या घरात एका खोलीत राहते, तिची शिलाई मशीन बुडते. घर भावाचं म्हणून तिची नोंदच होत नाही. भाड्यानं राहणारीचं तसंच.

म्हणून पावसाळ्याआधी ही कामं करा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घराच्या नोंदीत तुमचं नाव आहे का, ते बघा. नवरा-बायको दोघांचं नाव घरावर लावायचं धोरण 'घर दोघांचे' म्हणून २००३ पासून आहे. नाव लागलं म्हणजे कुणी घर घेऊन जात नाही, एवढं घरात समजावून सांगा. वेगळी राहत असाल, तर रेशन कार्ड वेगळं आहे का ते बघा. गाई-म्हशींच्या कानात बिल्ला आहे का? नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून मारून घ्या, कारण बिल्ला नसला की भरपाईला अडचण येते. घराचे, गोठ्याचे, शिलाई मशीन आणि गिरणीचे आत्ताच फोटो काढा, कोरडे असतानाचे. घरातली एक बाई त्या वस्तूशेजारी उभी करून काढा. आधार, पासबुक, रेशन कार्ड, विम्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा. निघताना ती पिशवी पहिली उचलायची. आणि पंचनाम्याच्या वेळी घरी थांबा, पुढं उभ्या राहा. काय लिहिलं ते वाचून घ्या, मग सही करा.

गटाची दप्तरंही माणसांइतकीच बुडतात. वही भिजली की कुणाची बचत किती, कुणाचं कर्ज किती, यावरून चांगले गट मोडतात. मैत्रिणी मैत्रिणींशी बोलेनाशा होतात. म्हणून मेअखेर सगळ्या वह्यांच्या पानांचे फोटो काढून तिघींच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि मूळ दप्तर पावसाळाभर उंचावरच्या आळीतल्या सदस्याकडं ठेवा.

वीस रुपयांची एक गोष्ट सांगते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला वीस रुपये, मुदत १ जून ते ३१ मे, वय १८ ते ७०. पुरात बुडून, वीज पडून, दरडीखाली मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख मिळतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता आपोआप कापला जातो, पण खात्यात वीस रुपये नसतील तर विमा बंद पडतो, आणि पावसाळा नेमका त्यानंतर सुरू होतो. येत्या बैठकीत प्रत्येकीचं पासबुक बघा. वारस म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघा.

आता कर्जाचं, कारण खरा पूर त्यानंतर येतो. नदीचं पाणी आठ दिवसांत जातं, हप्त्याचं पाणी दोन-तीन वर्षं घरात राहतं. ऊस पाण्याखाली कुजला, हळद गेली, म्हशीचं दूध बंद झालं, मजुरी नाही, आणि हप्ता मात्र तारखेला उभा. मग एक हप्ता भरायला दुसरीकडून उचलायचं. दारात येऊन लगेच पैसे देणाऱ्या कंपन्या अशा वेळी गोड बोलतात. एका बाईच्या नावावर अशी चार-चार कर्जं मी पाहिली आहेत. चौथं कर्ज पहिल्याचं व्याज भरायला घेतलेलं.

यात गटानं काय करायचं? पुरानंतरची पहिली बैठक चुकवायची नाही, मग ती शाळेच्या व्हरांड्यात का होईना. त्या बैठकीत हप्ते मागायचे नाहीत. प्रत्येकीचं काय गेलं आणि काय राहिलं ते लिहायचं. अंतर्गत कर्जाला गटच ठराव करून मुदत वाढवू शकतो, तो आपला अधिकार आहे. बँकेच्या कर्जाला आपत्तीत मुदतवाढ आणि फेररचना करायची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. पण ती आपोआप होत नाही. पंचनाम्याची प्रत जोडून सगळ्या गटानं मिळून बँकेत लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. उमेदच्या ग्रामसंघांकडं जोखीम प्रवणता निधी असतो, तो अशाच वेळेसाठी आहे. आणि नवीन कर्ज घेण्याआधी गटात एकदा सांगायचं, एवढा एकच नियम करा. परवानगी मागायची नाही, फक्त सांगायचं. चारचौघींत मोठ्यानं सांगताना व्याजाचा दर आपल्याच कानावर पडतो.

पाणी ओसरल्यावर घरात जाताना घाई नको. आधी मेन स्विच बंद आहे ना बघा, भिंती काठीनं ठोकून बघा. भांड्यांच्या मागं, जळणात साप असतात, हात घालू नका. साप चावला तर मांत्रिकाकडं न जाता थेट सरकारी दवाखान्यात. चिखलात अनवाणी उतरू नका. पायाला जखम असेल आणि नंतर ताप, अंगदुखी आली, तर लेप्टोची शंका धरून आशाताईंना गाठा. विहिरीत टीसीएल पडल्याशिवाय ते पाणी पिऊ नका. पिण्याचं पाणी उकळा, नाहीतर मेडिक्लोर घाला.

निवारा केंद्राबद्दलही बोलायला हवं, कारण ते कुणी बोलत नाही. शाळेत दोनशे माणसं आणि दोन संडास असले, की बाया पाणी प्यायचंच सोडतात. अंधार पडेपर्यंत थांबतात. जुन्या साड्यांचे ढीग येतात, पण पॅड येत नाहीत, आतले कपडे येत नाहीत. म्हणून केंद्र उघडलं की गटातल्या दोघींनी पुढं व्हायचं आणि मागायचं. बायकांसाठी वेगळी खोली, संडासाच्या वाटेवर दिवा, पॅड, बाळंतिणीला गरम पाणी. लाजून मागितलं नाही, तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

दरवर्षी टीव्हीवर एक चर्चा असते, पूर कशामुळं आला? अलमट्टीची उंची, कोयनेचा विसर्ग, नदीपात्रातली बांधकामं. २०१९ नंतर सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं अतिवृष्टीबरोबरच पात्रातल्या अतिक्रमणांवरही बोट ठेवलं. सांगलीकरांच्या मनात अलमट्टीचा प्रश्न आजही आहे. हे वाद मोठे आहेत, दोन राज्यांचे आहेत, आणि ते लढले पाहिजेत. पण आपल्या ओढ्यात कचरा कोण टाकतं, ओढ्यावर भिंत कुणी बांधली, हा प्रश्न गावातला आहे. तो ग्रामसभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

शेवटी एक सांगते. आपले दोन जिल्हे अजब आहेत. २०१९ च्या उन्हाळ्यात माण, जत, आटपाडीकडं चारा छावण्या होत्या, आणि ऑगस्टमध्ये कृष्णाकाठ पाण्याखाली. त्या वेळी दुष्काळी गावांतूनही पूरग्रस्तांसाठी भाकरी निघाली. ज्यांच्याकडं प्यायला पाणी नव्हतं, त्यांनी पाण्यात बुडालेल्यांना खाऊ घातलं. मग आपण हे नातं आधीच का जोडू नये? नदीकाठच्या प्रत्येक गटानं माळरानावरचा एक गट बहीण म्हणून धरावा. पावसाळ्यात आपली दप्तरं, जनावरं, लेकरं त्यांच्याकडं. उन्हाळ्यात आपल्या काठची वैरण त्यांच्याकडं. आमच्या दोन गटांनी यंदा अशी ओटी भरली आहे.

मेमध्ये शेतात असताना ढग गडगडले तर झाडाखाली थांबू नका. मोबाइलमध्ये 'दामिनी' ॲप घ्या, विजेची सूचना मिळते. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, रुग्णवाहिका १०८, जनावरांच्या दवाखान्याची गाडी १९६२. हे तीन नंबर चुलीजवळच्या भिंतीवर खडूनं लिहा. आणि येत्या बैठकीत ठरावाचा विषय पहिला घ्या, हप्ते नंतर.

काळजी घ्या. नमस्कार.